वाऱ्यानं आखलेले टाके

कापडी पंखांचं जुनं विमान उभं असावं, ऊन कललेलं असावं आणि पंखाच्या टोकाशी उभं राहून आपण पृष्ठभागावरून नजर सरकवत न्यावी. रंगाखाली बारीक फुगवट्यांच्या ओळी दिसू लागतात, पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंत गेलेल्या, एकमेकींना समांतर. प्रत्येक ओळीखाली पंखाची एक बरगडी असते आणि प्रत्येक फुगवट्याखाली एक टाका. लांबून पाहणाऱ्याला ती नक्षी वाटते. पण या पंखावर शोभेसाठी म्हणून जवळजवळ काहीच केलेलं नसतं. जे दिसतं ते कुठल्या ना कुठल्या बळाला दिलेलं उत्तर असतं, आणि म्हणून हा पंख ओळीओळीनं वाचता येतो.

कविता वाचताना आपण विचारतो, हाच शब्द का, ओळ इथंच का तोडली, यती इथंच का. कापडी पंखालाही तेच प्रश्न विचारावेत. कापड असंच का कापलं? गाठ मध्यावर न मारता कडेला का मारली? दोन टाक्यांत एवढंच अंतर का? चांगल्या रचनेची खूण अशी की, अशा प्रश्नांना ती ‘उगाच’ असं उत्तर देत नाही.

वाचनासाठी नमुना घेऊ पायपर जे-३ कब या विमानाचा. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या लॉक हेवन इथं १९३८ ते १९४७ या काळात ही पिवळी, दोन आसनी विमानं जवळपास वीस हजार तयार झाली. पंखांचा विस्तार ३५ फूट ३ इंच, इंजिन बहुतेकांत ६५ अश्वशक्तीचं. आणि व्याकरणासाठी हाताशी ठेवू अमेरिकेच्या हवाई प्रशासनाची ‘एसी ४३.१३-१बी’ ही पुस्तिका. १९९८ साली निघालेल्या या पुस्तिकेचं दुसरं प्रकरण कापडी आवरणाचं आहे. त्यातलं ज्ञान अर्थात पुस्तिकेपेक्षा कितीतरी जुनं. कारखान्यांतून आणि हँगरांतून हातोहात आलेलं ज्ञान तिनं नियमांत बांधलं, इतकंच.

ओढ कुठल्या दिशेची

पंखाला सुईदोरा लागतोच का, इथून सुरुवात करावी लागते. सांगाडा आहे, त्यावर कापड ताणून चिकटवलं, कडा घट्ट केल्या, मग काम संपायला हवं. हवा पंखाला खालून उचलून धरते अशी आपली सहज समजूत असते. ते खरं असेल तर खालचं कापड बरगड्यांवर दाबलं जाईल, वरचं नुसतं पडून राहील आणि टाक्यांची गरजच उरणार नाही.

पण उचलण्याच्या कामात मोठा वाटा वरच्या बाजूच्या कमी दाबाचा असतो. वरचं कापड बरगडीपासून वर, आकाशाकडे ओढलं जातं. पंख विमानाला उचलतो याचा बारकाईनं अर्थ असा की, वरचं कापड वर जाऊ पाहतं आणि बाकीचं विमान त्याला लटकलेलं असतं. कापड आणि विमान यांना जोडणारी गोष्ट म्हणजे टाका.

आकडे पाहू. कबचं भरलेल्या स्थितीतलं वजन १,२२० पौंड, पंखांचं क्षेत्रफळ १७८.५ चौरस फूट. म्हणजे दर चौरस फुटामागं सात पौंडांच्या जरा आत. समजा, दोन बरगड्यांत एक फुटाचं आणि दोन टाक्यांत तीन इंचांचं अंतर आहे. मग एका टाक्याच्या वाट्याला पाव चौरस फूट पंख येतो. सारी ओढ वरच्याच कापडावर आहे असं धरलं, तरी सरळ, शांत उड्डाणात सरासरी पाऊण किलोच्या आसपास भार होतो. पुढच्या कडेजवळ तो वाढतो, मागं कमी होतो. तीव्र वळणात किंवा हवेच्या धक्क्यात पटीनं वाढतो. एका टाक्याचं काम इतकं लहान आहे. मोठी आहे ती टाक्यांची संख्या आणि भाराची वाटणी.

कापड सुटलं तर काय होतं, हे १९१८ साली फ्रान्सच्या आघाडीवर दिसलं. अमेरिकन तुकड्यांना मिळालेल्या न्यूपोर २८ या लढाऊ विमानाच्या वरच्या पंखाची पुढची कड वेगानं सूर मारताना फुटायची आणि तिच्यासकट कापड मागं सोललं जायचं. जेम्स माइसनर आणि एडी रिकनबॅकर हे दोघंही अशा फाटक्या पंखांनिशी कसेबसे परतले. तिथला दोष पुढच्या कडेच्या बांधणीचा होता. पण वरचं आवरण गेलं की पंखाचा आकार जातो आणि आकार गेला की उचल जाते, हे त्या प्रसंगांतून सगळ्यांना कळलं.

राइट बंधूंचा पाठ

टाक्यांच्या आधीचा पाठ पाहिला की टाक्यांची गरज आणखी उघड होते. १७ डिसेंबर १९०३ ला किटी हॉकजवळ उडालेल्या राइट बंधूंच्या विमानाचे पंख ‘प्राइड ऑफ द वेस्ट’ नावाच्या साध्या, न धुवट सुती मलमलीनं मढवलेले होते. तिच्यावर रोगण नव्हतं, रंग नव्हता. हे कापड राइट बंधूंनी स्वतः शिवणयंत्रावर शिवलं होतं. त्यात त्यांनी खिसे शिवले आणि पंखाचे आतले भाग त्या खिशांत बसवले. कापड सांगाड्याला घट्ट जखडलेलं नव्हतं, सांगाडा कापडात थोडा हलू शकत होता. पंख पिळून विमान डावी-उजवीकडे कलवायचं हेच त्यांचं तंत्र असल्यामुळं जखडलेलं कापड त्यांना चाललंच नसतं.

त्याहून रसिलं आहे ते कापण्यातलं शहाणपण. मलमल त्यांनी उरेब कापली. उभे-आडवे धागे बरगड्यांना समांतर न ठेवता ४५ अंशांत तिरपे ठेवले. उरेब कापड अंगाबरोबर झुलतं, म्हणून शिंपी ते घेराच्या कपड्याला वापरतात. राइट बंधूंनी त्याचा उपयोग नेमका वेगळा केला. तिरपे धागे पंखाच्या चौकटीत कर्णासारखे गेले आणि वेगळे आडवे-तिडवे बांध न घालता चौकटीला बळकटी मिळाली. विणीलाच त्यांनी बांधणीच्या कामाला लावलं. ओळीतल्या एकाच शब्दाकडून दोन अर्थ काढून घ्यावेत, तसं हे कौशल्य आहे.

या मलमलीचा एक तुकडा १९६९ साली नील आर्मस्ट्राँग यांच्याबरोबर चंद्रावर गेला. दुसरा, टपाल तिकिटाएवढा, इंजेन्युइटी या छोट्या हेलिकॉप्टरच्या सौरपट्टीखाली बसवून मंगळावर पाठवला. तिथं ते हेलिकॉप्टर १९ एप्रिल २०२१ ला पहिल्यांदा उडालं. इंजिनाचा किंवा लाकडाचा अंश न निवडता मंगळासाठी कापड निवडलं गेलं, ही निवड मला फार योग्य वाटते. पंखात हवेला प्रत्यक्ष भिडतं ते कापडच.

पण खिशांची रचना ताशी तीस-चाळीस मैलांच्या विमानाची होती. इंजिनं वाढली, वेग वाढले, पंख पिळण्याऐवजी मागच्या कडेला हलत्या फळ्या आल्या. कापडाला आता बरगडीशी पक्कं बांधणं भाग होतं.

एक टाका, क्रमानं

आता खुद्द टाक्याकडे. आधी सांगाड्याची तयारी होते. बरगड्यांमधून पट्टी आळीपाळीनं वर-खाली विणत नेतात, म्हणजे कापड आकसताना बरगड्या बाजूला झुकत नाहीत. जिथं धातूची धार किंवा स्क्रूचं डोकं कापडाला घासेल, तिथं आधीच पट्टी चिकटवतात. पाहणाऱ्याला यातलं काहीही पुढं दिसणार नसतं.

मग कापड चढतं. एका रीतीत मोज्यासारखं आवरण आधी शिवून घेऊन टोकाकडून पंखावर ओढतात. दुसऱ्या रीतीत वरचं आणि खालचं कापड वेगळं पसरून कडांना जोडतात. सुती कापड पाण्यानं भिजवून आकसवतात, मग त्यावर डोप नावाचं सेल्युलोजचं द्रावण ब्रशनं मुरवतात. डोप वाळताना कापडाला आणखी ताणतो, त्याची छिद्रं बुजवतो. बोटानं टिचकी मारली की पंख वाजतो.

त्यानंतर प्रत्येक बरगडीवर, कापडाच्या वरून, एक अरुंद मजबूत पट्टी येते. तिचं काम दोऱ्यापासून कापडाला वाचवण्याचं. ही पट्टी नसती तर वर ओढल्या जाणाऱ्या कापडाला दोऱ्यानंच कापलं असतं. इथं एक नाजूक जाण दिसते. धरून ठेवणारी वस्तूच इजा करू शकते, म्हणून धरणारा आणि धरलेला यांच्यामध्ये तिसरं कुणीतरी हवं.

पट्टीवर टाक्यांच्या जागा पेन्सिलीनं आखतात. बॉलपेन इथं वर्ज्य, कारण त्याची शाई नंतरच्या साऱ्या थरांतून झिरपून वर येते. पंख पुढच्या कडेवर उभा केलेला असतो, दोन्ही बाजूंना एकेक माणूस आणि हातात फूटभर किंवा त्याहून लांब सरळ सुई. दोरा मेणावरून ओढलेला. एक जण बरगडीच्या एका अंगाला सुई टोचतो, ती पंखाच्या पोटातून जाऊन पलीकडच्या कापडातून निघते. पलीकडचा माणूस ती घेतो, पट्टीवरून दोरा आडवा नेतो आणि बरगडीच्या दुसऱ्या अंगानं सुई परत पाठवतो. सुईचं टोक पंखाच्या आत असताना ते दोघांपैकी कुणालाच दिसत नाही. ते बरगडीच्या बरोब्बर शेजारून जायला हवं. लांबून गेलं तर टाका सैल, आणि बरगडीत शिरलं तर लाकूड जखमी. दोघांचा हात एकमेकांना कळेपर्यंत काम हळू चालतं, मग त्याला लय येते.

अशा रीतीनं दोऱ्याचा एक वेढा बरगडीला पूर्ण कवेत घेतो. वरचं कापड, बरगडीची उंची, खालचं कापड, सगळं एका वेढ्यात. वरच्या कापडानं उडायचं म्हटलं तर त्याला बरगडी आणि खालचं कापड घेऊनच उडावं लागेल.

गाठ

ओळीतली पहिली गाठ वेगळी असते: दुहेरी वेढा, चौकोनी गाठ आणि ती सरकू नये म्हणून पुढं अर्धे फास. तिथून पुढं प्रत्येक टाक्याला बदललेली ‘सेन’ गाठ मारतात. मासेमारीच्या ओढजाळ्यावरून तिचं नाव पडलं आहे. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर रापण ओढतात, त्याच जातीचं जाळं. जाळ्याची कसोटी हीच असते की एक फास तुटला तर शेजारचे फास सुटता कामा नयेत.

पंखालाही नेमकं तेच हवं. धावदोऱ्याची शिवण एका जागी तुटली की ओढ लागताच उसवत जाते. इथं दोरा एकच असला तरी प्रत्येक वेढा आपल्या गाठीनं स्वतंत्रपणे कुलूपबंद झालेला असतो. एक टाका गेला तर त्याचा भार शेजारचे दोन वाटून घेतात आणि बाकीची ओळ जागेवर राहते. सारी रचना एका गृहीतावर उभी आहे: कधी ना कधी एखादा टाका तुटणारच. तो तुटूच नये असा अट्टहास कुठं नाही, तुटल्यावर काय होईल याचा विचार मात्र प्रत्येक गाठीत आहे. या शिवणीतली मला सर्वांत मोठी वाटणारी गोष्ट ही.

गाठीची जागाही ठरलेली. ती पट्टीच्या मध्यावर, बरगडीच्या माथ्यावर बसत नाही, कडेला बसते. माथ्यावर बसली तर उंचवटा वाढेल, वरून वाहणारी हवा अडखळेल आणि घासली जाईल ती गाठच. पुढं अशीही एक रीत रूढ झाली की गाठ ओढून कापडाच्या आत, पंखाच्या पोटात घ्यायची. वर राहतो तो फक्त आडवा दोरा. कारागिराचं सगळ्यांत अवघड काम अशा वेळी पुरतं अदृश्य होतं.

दोऱ्याच्या ताणालाही मर्यादा आहे. सैल टाका वाऱ्यात हलतो, घासतो, झिजतो. अति घट्ट टाका बरगडीची वरची पट्टी वाकवतो किंवा कापड चिरतो. आकड्यात न बसणारी अशी जागा या कामात हीच. इथं पुस्तिका फार मदत करत नाही, बोटांना शिकावं लागतं.

अंतराची भाषा

आता या रचनेच्या गाभ्याशी येऊ. दोन टाक्यांत किती अंतर ठेवायचं? पुस्तिकेत त्यासाठी एक आलेख आहे. विमानानं कधीही ओलांडू नये असा जो वेग ठरलेला असतो, त्यावरून अंतर काढायचं. वेग जास्त तर टाके जवळजवळ, वेग कमी तर लांब लांब. हवेची ओढ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला तर ओढ चौपट. म्हणून दोन फुगवट्यांवर बोटं ठेवून अंतर मोजणाऱ्याला ते विमान किती वेगासाठी बांधलं आहे याचा अंदाज, इंजिन न पाहता, बांधता येतो.

आणि आलेखात रेष एक नसते, दोन असतात. एक प्रोपेलरच्या झोतातल्या भागासाठी, दुसरी झोताबाहेरच्या भागासाठी. प्रोपेलर हवा मागं फेकतो, त्यामुळं त्याच्यामागं येणाऱ्या पंखाला विमानाच्या वेगाहून जास्त वेगाची आणि गिरक्या घेणारी हवा लागते. तिथं टाके जास्त जवळ हवेत. झोताचा पट्टा कुठवर धरायचा, तर प्रोपेलरच्या व्यासाएवढा, आणि वर दोन्हीकडे एकेक बरगडी जादा. ही जादा बरगडी मला फार बोलकी वाटते. हवा काही फूटपट्टीनं आखलेल्या रेषेवर थांबत नाही, हे नियमानं मान्य केलं आणि आपल्या अज्ञानासाठी एका बरगडीची जागा सोडली.

म्हणजे पंखाच्या मुळाशी दाट आणि टोकाकडे विरळ होत गेलेले टाके दिसले, तर समजावं की आपण प्रोपेलरचा झोत पाहतो आहोत. इंजिन बंद आहे, विमान वर्षानुवर्षं जागचं हललेलं नाही, तरी त्याचा वारा कापडावर नोंदलेला आहे. छंदात मात्रा वाढल्या की चाल बदलते. इथं चाल बदलण्याचं कारण वारा आहे आणि मात्रा त्यानं आखल्या आहेत.

प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला आणि शेवटाला एक टाका अर्ध्याच अंतरावर येतो. टोकाला कापडाला एकाच बाजूनं शेजारी असतो, म्हणून तिथं पकड दुप्पट. शिवणकामात कडेला टीप पक्की करतात त्यामागचं तत्त्व इथं मोजून वापरलं आहे. मात्र एका बरगडीवरचे टाके शेजारच्या बरगडीवरच्या टाक्यांच्या रेषेत आणण्याची जी जपणूक कारागीर करतात, तिच्यामागं वाऱ्याचा आग्रह नाही. तेवढं निव्वळ नजरेसाठी आहे. इतक्या काटेकोर रचनेत कारागिरानं स्वतःसाठी राखलेली ही एकच चैन.

झाकणं आणि उघडं ठेवणं

टाके पुरे झाले की ते झाकले जातात. प्रत्येक ओळीवर रुंद पट्टी डोपनं चिकटवतात, तिच्या कडा करवतीसारख्या दातेरी कातरलेल्या. दातेरी कडेचे धागे सरळ कडेसारखे सुटत नाहीत आणि कड कापडाला जास्त लांबीवर चिकटून राहते. पहिल्या नजरेला हमखास नक्षी वाटणारी हीच गोष्ट, आणि तिचंही काम ठरलेलं.

मग डोपचे आणखी थर आणि त्यावर ॲल्युमिनियमची पूड मिसळलेला रुपेरी थर. कापडाचा सर्वांत मोठा शत्रू वारा नव्हे, ऊन. उन्हातले अतिनील किरण धागा कुजवतात. रुपेरी थर पुरेसा झाला की नाही हे पाहायला पंखाच्या पोटात दिवा लावून बाहेरून बघतात. प्रकाश दिसला तर काम अपुरं. रंग त्याच्यावर येतो. म्हणजे कबचा तो प्रसिद्ध पिवळा हा या साऱ्या रचनेतला शेवटचा आणि सर्वांत कमी महत्त्वाचा थर आहे.

एवढं सगळं झाकल्यावर कारागीर पंखाला छिद्रंही पाडतो. खालच्या बाजूला, मागच्या कडेजवळ, बरगड्यांच्या प्रत्येक कप्प्यात एक. पंखाच्या आत ओल धरते, तिला वाट हवी. आणि जिथं आतले खिळे-तारा तपासाव्या लागतील तिथं गोल कडी चिकटवून ठेवतात. त्या कडीच्या आतलं कापड वेळ येईपर्यंत कापत नाहीत. आत जाण्याची जागा सांगून ठेवलेली, पण दार गरज पडल्यावरच.

दोष आणि मर्यादा

रसग्रहणात दोषांची बाजू सोडून चालत नाही, आणि इथले दोष गंभीर आहेत. पहिल्या महायुद्धात पंखांसाठी आयर्लंडचं लिनन वापरलं जाई. त्यावर लावायच्या डोपमध्ये सुरुवातीला टेट्राक्लोरोइथेन हा द्रावक असे. त्याच्या वाफांनी ब्रिटनमधल्या कारखान्यांत डोप लावणाऱ्या कामगारांना विषारी कावीळ झाली, काही जण दगावले. त्यांत स्त्रिया होत्या. पुढं तो द्रावक वगळला गेला. नायट्रेट डोप चटकन पेट घेई, कारण तो तोफांच्या दारूच्या कुळातला. अशा पंखावर एखादी ठिणगी पुरे. आकाशातल्या वीरांच्या कथा भरपूर लिहिल्या गेल्या, डोपच्या खोल्यांत काम करणाऱ्यांच्या फार थोड्या.

दुसरी मर्यादा वेगाची. ब्रिटनचं हॉकर हरिकेन हे लढाऊ विमान १९३५ साली पहिल्यांदा उडालं तेव्हा त्याच्या पंखांवर कापड होतं. १९३९ पासून धातूचे पंख आले, तेव्हा ते ताशी सुमारे ८० मैल जास्त वेगानं सूर मारू शकू लागलं. टाके कितीही जवळ घेतले तरी दोन टाक्यांमधलं कापड फुगतंच, आणि एका वेगानंतर तो फुगवटा परवडत नाही. हरिकेनच्या शेपटाकडच्या भागावर मात्र कापड शेवटपर्यंत राहिलं. तिथं पडलेली भोकं लवकर ठिगळून विमान पुन्हा उडवता येई.

काही कारखान्यांनी सुईदोरा सोडून स्क्रू, रिव्हेट किंवा तारेच्या क्लिपा वापरल्या. कामाचा वेळ त्यांनी वाचतो यात शंका नाही. कापडही बदललं. सुती कापडाच्या जागी पॉलिएस्टर आलं, आणि अमेरिकेत रे स्टिट्स यांच्यासारख्यांनी त्याची रीत घालून दिली. ते पाण्यानं आकसत नाही, इस्त्रीनं आकसतं. तापमान मोजून घेतलेली घरगुती इस्त्री शेवटी ३५० अंश फॅरनहाइटवर, म्हणजे सुमारे १७७ अंश सेल्सिअसवर फिरवतात. सुती आवरण उघड्यावर काही वर्षांत थकतं, पॉलिएस्टर जपलं तर दशकं टिकतं. पण बरगडीवरचे टाके या बदलातही टिकले. धागा बदलला, गाठ तीच राहिली.

पुस्तिकेची शैली

त्या पुस्तिकेला लेखक नाही, प्रस्तावनेत आभार नाहीत, आणि उत्तम काम कसं असतं याचं वर्णन तर कुठंच नाही. किती कमीवर काम भागणार नाही, एवढंच ती सांगत जाते. हातशिवणीत इंचाला किमान चार टाके. ‘अ’ दर्जाचं नवं सुती कापड इंचभर रुंदीला ८० पौंडांची ओढ सहन करणारं हवं, आणि वापरून ते ५६ पौंडांच्या खाली आलं की उतरवायचं. कबसारख्या हलक्या, संथ विमानाला थोडं कमी दर्जाचंही चालतं: नवं असताना ६५ पौंड, उतरवण्याची वेळ ४६ला.

या आकड्यांत एक विलक्षण प्रामाणिकपणा आहे. कापड चढवण्याआधीच ते कधी काढायचं हे लिहून ठेवलेलं असतं. त्यामुळं टाका घालणाऱ्याला माहीत असतं की आपलं काम आधी पट्टीखाली झाकलं जाणार आणि काही वर्षांनी कात्रीखाली जाणार. तरीही तो पेन्सिलीची खूण चुकवत नाही.

आपल्याकडचा धागा

हा सगळा विषय परका वाटू नये, कारण भारताची नियमित हवाई टपालसेवा अशाच पंखांवर सुरू झाली. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला जुहूच्या धावपट्टीवर टपाल घेऊन उतरले ते डी हॅव्हिलंडच्या पस मॉथ विमानातून. पंखांना लाकडी सांगाडा आणि वर कापड. पन्नास वर्षांनी, १५ ऑक्टोबर १९८२ ला, वयाच्या ७८व्या वर्षी त्यांनी त्याच मार्गावर पुन्हा उड्डाण केलं. या वेळचं विमान होतं लेपर्ड मॉथ, तेही कापडी पंखांचं. त्या पन्नास वर्षांत एअर इंडियाकडे जम्बो जेट आली होती, पण त्या दिवशीची मुंबई गाठून दिली ती कापडानं.

भारतीय वायुदलाची पहिली तुकडी १ एप्रिल १९३३ ला कराचीत उभी राहिली तीही वेस्टलँड वापिती या कापडी आवरणाच्या दुपंखी विमानांवर. पुढं बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टनं १९५८ साली पहिल्यांदा उडवलेलं पुष्पक हे शिकाऊ विमानही कापडानं मढवलेलं होतं. देशभरच्या फ्लाइंग क्लबांसाठी अशी सुमारे १६० विमानं तयार झाली, आणि अनेक भारतीय वैमानिकांनी पहिले धडे त्यांच्यावर गिरवले. त्यांचे फोटो आपण जपले. ती कुणी मढवली, हे मात्र कुठं लिहून ठेवल्याचं सहसा दिसत नाही.

माझं मत सरळ आहे. विमानाच्या इतिहासात इंजिनाला जे मानाचं पान मिळतं, त्याच पंक्तीत बरगडीवरच्या टाक्याचं ताट हवं. इतक्या थोड्या सामग्रीत बळाची इतकी नेमकी समज, तुटण्याची इतकी शांत तयारी आणि नावाची इतकी बेफिकिरी हे तिन्ही गुण एकत्र क्वचितच भेटतात.

दिल्लीला गेलात तर पालमच्या वायुदल संग्रहालयात वापिती उभं आहे. तिथं, किंवा कुठल्याही जुन्या कापडी विमानापाशी, समोरून फोटो काढून पुढं जाऊ नका. पंखाच्या टोकाशी या, नजर पृष्ठभागाच्या पातळीवर आणा आणि फुगवट्यांच्या ओळी शोधा. त्या कुठं दाट होतात ते पाहा, दातेरी कडा पाहा, खालच्या बाजूची छिद्रं मोजा. फक्त बोटानं दाबू नका. जुन्या कापडाला तेवढंही सोसत नाही.